प्लॉटरवरील नकाशा आणि त्याचे प्रमाण

बांधाचा तंटा उभा राहिला की गावकरी नकाशाची प्रत पुढे करतात, तिच्यावर पट्टी ठेवतात आणि कोपऱ्यात लिहिलेल्या प्रमाणाने अंतर मोजू लागतात. १:१००० असे प्रमाण असलेल्या नकाशात १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील १० मीटर. हे प्रमाण कागदावर खरोखर उतरले आहे किंवा नाही, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही. कार्यालयातील संगणक आणि प्लॉटर यांची जोडणी ज्याने केली, त्याच्या दक्षतेवर ते अवलंबून असते.

पूर्वी आरेखक ट्रेसिंग कापडावर शाईने नकाशा काढीत व त्यावरून अमोनिया प्रिंट घेतली जाई. त्या पद्धतीत गैरसोयी अनेक होत्या, अमोनियाच्या वासाविषयी तर बोलावयासच नको. परंतु मूळ नकाशा आणि संवेदनशील कागद एकमेकांस भिडवूनच प्रत निघत असल्यामुळे ती मुळाएवढीच असे. १९८२ साली ऑटोकॅड ही आरेखनाची आज्ञावली आली. आरंभीचे प्लॉटर खरीखुरी लेखणी कागदावर फिरवीत. आजचे बहुतेक प्लॉटर रुंद गुंडाळीवर शाईचे सूक्ष्म थेंब सोडतात. एकच यंत्र कार्यालयातील सर्व संगणकांना नेटवर्कद्वारे जोडलेले असते, आणि घोटाळ्याचा संभवही येथेच असतो. यंत्र एक असले तरी प्रत्येक संगणकावरील त्याची मांडणी निरनिराळी असू शकते.

नेटवर्कवरील प्रत्येक यंत्रास चार अंकांचा एक पत्ता असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०. हा पत्ता आपोआप मिळू दिल्यास वीज जाऊन आल्यानंतर तो बदलण्याचा संभव असतो. मग संगणक जुन्याच पत्त्यावर नकाशे पाठवीत राहतो आणि प्लॉटर स्वस्थ उभा असतो. यास्तव प्लॉटरच्या फलकावरून पत्ता कायम करून घ्यावा व तो चिठ्ठीवर लिहून यंत्रावरच चिकटवावा. संगणकावर प्लॉटरचा ड्रायव्हर बसविताना हाच पत्ता द्यावा. अशा यंत्रांसाठी सामान्यतः ९१०० क्रमांकाचे पोर्ट वापरले जाते. विंडोजमधून चाचणीचे पान निघाल्यावाचून ऑटोकॅडला हात लावू नये, कारण दोष जाळ्यात आहे की आज्ञावलीत, हे नंतर उमगत नाही.

यानंतर ऑटोकॅडमध्ये ‘प्लॉटर मॅनेजर’ उघडून यंत्राची नोंद करावी. कागदाचा प्रकार, आकार, समास इत्यादी निवडी पीसी३ या धारिकेत साठतात. रेषांच्या जाडीची कोष्टके सीटीबी धारिकेत असतात. ती धारिका एखाद्या संगणकावर नसेल, तर हद्दीची ठळक रेघ आणि नाल्याची बारीक रेघ सारख्याच जाडीने उमटतात. दोन्ही धारिका सामायिक कप्प्यात ठेवून प्रत्येक संगणकास ‘ऑप्शन्स’मधून तेथील मार्ग दाखवून द्यावा.

आता मुख्य गोष्ट. ए१ कागद ५९४ × ८४१ मिलिमीटरचा असतो, आणि २४ इंची, म्हणजे सुमारे ६१० मिलिमीटर रुंदीच्या गुंडाळीवर तो बसतो. परंतु प्लॉटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापीत नाही. पुष्कळ यंत्रांत प्रत्येक बाजूस सुमारे ५ मिलिमीटर समास सुटतो. आरेखकाने चौकट पूर्ण ए१ मापाची काढली असेल, तर तिच्या कडा छाटल्या जातात. मागे अर्जदार ताटकळत असतात. अशा वेळी चालक ‘फिट टू पेपर’ या चौकोनात खूण करतो. चौकट लगेच बसते, नकाशा देखणा दिसतो, आणि तो २ टक्क्यांच्या आसपास आक्रसलेला असतो.

समजा, शेत १०० मीटर लांब व १०० मीटर रुंद, म्हणजे बरोबर १ हेक्टर आहे. १:१००० प्रमाणात त्याची बाजू १० सेंटिमीटर यावयास हवी. या प्रतीवर ती ९.८ सेंटिमीटर येते. हा २ मिलिमीटरचा फरक डोळ्यांस जाणवत नाही. त्यावरून क्षेत्र मात्र ९,६०४ चौरस मीटर भरते. ३९६ चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ चार गुंठे जमीन कागदावरून नाहीशी झाली! शेजारी शेजाऱ्याविरुद्ध उभा राहण्यास एवढे पुरेसे आहे. कोपऱ्यात मात्र १:१००० तसेच छापलेले असते.

यावर उपाय सोपा आहे. ‘फिट टू पेपर’ची खूण काढावी, आणि चौकट समासाच्या आत काढावी किंवा ड्रायव्हरमधील ‘ओव्हरसाइज’ कागद निवडावा. नकाशा मीटरमध्ये रेखाटला असल्यास १:१००० साठी १ मिलिमीटर बरोबर १ एकक, आणि १:५०० साठी १ मिलिमीटर बरोबर ०.५ एकक असे भरावे. ‘लेआउट’मधून छापताना कागदाचे प्रमाण १:१ ठेवून नकाशाचे प्रमाण खिडकीस द्यावे व ती कुलूपबंद करावी. एकदा जमलेली मांडणी ‘पेज सेटअप’ म्हणून नाव देऊन जतन केल्यास रोजचा खटाटोप वाचतो.

प्रत देण्यापूर्वी पोलादी पट्टीने तपासणी व्हावी. नकाशाच्या कडेस २०० मिलिमीटरची एक आडवी व एक उभी रेघ काढून छापावी. दोन्ही सारख्याच प्रमाणात आखूड आल्या, तर दोष मांडणीत आहे. कागद सरकण्याच्या दिशेचीच चुकली, तर कागदाचा प्रकार चुकीचा निवडला असेल किंवा यंत्राचे अंशशोधन राहिले असेल. कोकण-गोव्याच्या पावसाळी हवेत ट्रेसिंग कागद ओलाव्याने फुगतो; दीर्घकाळ जपावयाच्या नकाशांसाठी पॉलिएस्टर फिल्म अधिक भरवशाची.

नकाशावर प्रमाणाचा आकडा असतोच. त्याशेजारी मीटरच्या खुणांची रेखापट्टीही अवश्य असावी. पीडीएफ स्वरूपात नकाशा मिळवून बाजारातील दुकानात छापणाऱ्या ग्रामस्थांस तिचा विशेष उपयोग होतो. तेथील यंत्राने प्रत लहान केली, तर रेखापट्टीही तेवढीच लहान होते आणि तिच्यावरून घेतलेले माप बरोबर येते. दुकानदारास ‘अ‍ॅक्च्युअल साइज’वर छापण्यास सांगावे, आणि प्रत हाती आल्यावर तेथेच रेखापट्टीवर फूटपट्टी ठेवावी. १:१००० च्या नकाशात १०० मीटरची खूण बरोबर १० सेंटिमीटरवर आली पाहिजे.