दोरीची मूर्ती

मूर्ती कशाची करतात? कोणी म्हणेल दगडाची. कोणी म्हणेल मातीची, नाहीतर पितळेची. पण दोरीची मूर्ती तुम्ही पाहिली आहे का?

हसू नका. अशा मूर्ती आहेत. त्या एका बाईंनी केल्या.

त्यांचे नाव मृणालिनी मुखर्जी. त्यांचा जन्म १९४९ साली मुंबईला झाला. आईवडील दोघेही कलावंत. मृणालिनीबाई बडोद्याला कला शिकल्या. पुढे त्या दिल्लीत राहिल्या. त्यांनी वाखाची दोरी हाती घेतली.

दोरी रंगवायची. मग गाठीला गाठ मारत जायचे. आधी कागदावर चित्र काढायचे नाही. जे काही, ते डोळ्यांत आणि बोटांत. एकेका मूर्तीला कितीतरी महिने लागत. १९८४ सालची त्यांची ‘यक्षी’ माणसाहून उंच आहे. १९९४ सालची ‘वनश्री’ही तशीच. पाहताना वाटते, झाडातून देवी उगवते आहे!

२०१५ साली दिल्लीच्या सरकारी कलासंग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. त्याच दिवसांत बाई वारल्या. २०१९ साली त्यांच्या मूर्ती अमेरिकेत न्यूयॉर्कला मांडल्या. लोक पाहून गेले.

आता आपल्याकडे पाहू. दोरी आपल्याला काय नवी आहे? बांधावर घायपात असते. शेतात अंबाडी असते. अंबाडी पाण्यात कुजवायची, साल सोलायची, धुवायची, वाळवायची. झाला वाख. त्याला पीळ दिला की दावे, कासरा, शिंके, सारे होते. मोटेचा नाडाही असाच वळत. हे काम गावोगावी मातंग समाजाने केले. नाडा नसता तर मोट चालली नसती. पण वळणाऱ्याला मान मिळाला नाही. सुगीला पसाभर धान्य मिळाले. पुढे नायलॉनचा दोर आला, आणि ते धान्यही गेले.

मी मास्तर होतो तेव्हाची गोष्ट. एक मुलगा रोज उशिरा यायचा. घरी बापाबरोबर दोर वळायचा. मी त्याला चारचौघांत म्हणालो, “दोर वळून काय दिवे लावणार रे?” त्याने मान खाली घातली. पुढे तो शाळेत आलाच नाही.

मृणालिनीबाईंच्या मूर्तीचे चित्र पाहिले, तेव्हा मला त्या मुलाची बोटे आठवली. तीच गाठ. तोच पीळ. दोरी हलकी नव्हती. माझी नजर हलकी होती.

मंडळी, तुमच्या गावात दोर वळणारे म्हातारे कोणी असेल, तर त्यांच्याजवळ जाऊन बसा. गाठ कशी मारतात ते विचारा. आता तुम्हाला लिहिता येते. ते सांगतील ते लिहून ठेवा.

प्रश्न :
१. वाख कसा काढतात?
२. मास्तरांचे काय चुकले?
३. तुमच्या घरी वाखाच्या कोणत्या वस्तू होत्या? त्यांची नावे लिहा.