स्नायूंची ठेवण आणि शरीराचे बळ

दंडाची बेटकुळी काढून दाखविणे हा मुलांचा आवडता खेळ होय. ज्याची बेटकुळी मोठी तोच बलवान, असा निकाल तत्काळ दिला जातो आणि किरकोळ अंगाचा मुलगा ओशाळून बाजूस होतो. हा न्याय कितपत खरा आहे, हे आपण स्नायूंच्या रचनेवरून पाहू.

आपल्या शरीरात अस्थींना हालविणारे सहाशेहून अधिक स्नायू आहेत. प्रत्येक स्नायू असंख्य सूक्ष्म तंतूंचा बनलेला असून बहुधा कंडरा नामक चिवट पांढऱ्या बंधाने तो अस्थीस जोडलेला असतो. तंतू आखडले की अस्थी ओढली जाते. स्नायूला ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणूनच कोपर वाकविण्यास दंडाचा पुढचा स्नायू आणि सरळ करण्यास मागचा, अशी जोडी लागते.

तंतूंच्या ठेवणीवरून स्नायूंचे पुढील प्रकार मानतात.

१. समांतर : यात तंतू स्नायूच्या लांबीला धरून असतात. कमरेच्या हाडापासून मांडीवरून तिरपा उतरून गुडघ्याच्या आतल्या बाजूस पोहोचणारा ‘सार्टोरियस’ हा शरीरातील सर्वांत लांब स्नायू. लॅटिन भाषेत ‘सार्टर’ म्हणजे शिंपी. शिंप्याप्रमाणे मांडी घालून बसताना हा स्नायू उपयोगी पडतो, म्हणून हे नाव. दंडाचा पुढचा स्नायूही याच वर्गातला. पण तो चातीप्रमाणे मध्ये फुगीर व टोकांशी निमुळता असतो.

२. पंख्यासारखा : छातीच्या मोठ्या स्नायूचे तंतू रुंद पायापासून निघून दंडाच्या हाडाशी एकवटतात.

३. वर्तुळाकार : ओठांभोवतीचा व डोळ्यांभोवतीचा स्नायू. डोळा घट्ट मिटणे हे याचे काम.

४. पिच्छाकार : यात आखूड तंतू कंडरेला तिरपे जोडलेले असतात. माडाच्या झावळीत मधल्या दांड्याच्या दोन्ही अंगांस पाती असतात, तशीच मांडीच्या पुढील सरळ स्नायूची रचना आहे. एकाच अंगास तंतू असले तर तो एकपिच्छ. खांद्यावरील त्रिकोणी स्नायूच्या मधल्या भागात अशा अनेक झावळ्या जणू शेजारी शेजारी रचलेल्या असतात.

या तिरप्या मांडणीचा लाभ काय? काथ्याचा वीस हात दोर घेऊन त्याचे चार समान तुकडे करा आणि ते एकत्र बांधा. काथ्या तेवढाच राहिला. पण बळ चौपट झाले आणि लांबी पाव उरली. स्नायूचेही तसेच आहे. त्याचे बळ शेजारी शेजारी ओढणाऱ्या तंतूंच्या संख्येवर, तर आखडण्याचा पल्ला तंतूंच्या लांबीवर अवलंबून असतो. तेवढ्याच मांसात दोन्ही लाभ पुरतेपणी साधत नाहीत. उभे असताना देहाचा तोल सांभाळणारा पोटरीतील ‘सोलियस’ आखूड तंतूंचा आहे, तो यामुळेच.

डेन्मार्कच्या निल्स स्टेन्सन या पंडिताने १६६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भूमितीच्या आधारे हे तिरपे तंतू मांडले आणि आखडताना स्नायू फुगला तरी त्याचे घनफळ वाढत नाही, असे दाखविले. वर्गात शिकलेली भूमिती अशी आपल्याच देहात सापडते!

तेव्हा केवळ फुगवटा पाहून बळ मोजू नये. व्यायामाने प्रत्येकाचे तंतू जाड व समर्थ होतात, आणि न वापरलेला स्नायू झिजतो. ओशाळलेल्या मुलाने बेटकुळीची चिंता सोडून नियमित व्यायामास लागावे, हेच आमचे सांगणे.