घोणस अळी : भीती नको, काळजी हवी

२०२२ च्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यात ऊस व गवतात काम करणाऱ्या काही शेतकऱ्यांना 'घोणस अळी' डसली. वेदनेमुळे त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. सोलापूरकडेही या अळीची धास्ती पसरली. आपले आळंद, अफजलपूर सोलापूरला लागूनच आहेत, भालकी-बसवकल्याणलाही ऊस आहे. म्हणून आपण ही अळी ओळखून ठेवू.

नाव सापाचे असले तरी ही पतंगाची अळी आहे. हिरवट रंग, गोगलगायीसारखी सरपटण्याची चाल आणि अंगावर काट्यांचे झुबके, ही तिची खूण. ती चावत नाही. तिला अंग लागले की पोकळ काटे कातडीत मोडतात व विष उतरते. मग आग, खाज व सूज येते. युरोपातील पाइनच्या जंगलांत रांगेने चालणाऱ्या अळ्यांचे केस तर वाऱ्याने उडून डोळ्यांत जातात. आपल्याकडील ही अळी मात्र स्पर्श झाला तरच त्रास देते.

अळी लागल्यास चोळू नये. चिकटपट्टी हलकेच लावून काढावी, म्हणजे काटे निघतात. साबणाने धुऊन बर्फ लावावा. धाप लागली, चक्कर आली किंवा तोंड सुजले तर लगेच डॉक्टरांकडे जावे. शेतात पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

सापाच्या नावाने घाबरून मांत्रिकाकडे धावण्यात वेळ घालवू नये, हे घरीही सांगू या.