भातखाचरातील चतुर

सप्टेंबरअखेर पाऊस उघडीप देऊ लागला आणि हळवे भात पिवळे पडू लागले, की बांधावर शेकडो चतुर घिरट्या घालताना आपण दरवर्षी पाहता. मुले त्यांच्या शेपटीला दोरा बांधून खेळतात, यापलीकडे या कीटकाकडे आपले लक्ष जात नाही. हे चतुर कोठून आले असे विचारल्यास 'पावसाबरोबर' असे उत्तर मिळते. ते अर्धेच खरे आहे. त्यांतील बरेचसे आपल्याच शिवारातील साचलेल्या पाण्यात वाढलेले असतात.

थव्याने उडणाऱ्या या पिवळसर चतुराचे शास्त्रीय नाव पँटाला फ्लॅव्हेसेन्स. लांबी सुमारे 4.5 सें.मी. असते. मागचे पंख बुडाशी रुंद असल्याने तो पंख न हलवताही हवेत तरंगतो आणि दिवसभर क्वचितच बसतो. मृग-आर्द्राच्या पावसाबरोबर हे चतुर आपल्याकडे येतात व ऑक्टोबरमध्ये त्यांचे थवे मालदीव बेटांवर दिसू लागतात. भारतातून समुद्र ओलांडून ते पूर्व आफ्रिकेकडे जात असावेत, असे चार्ल्स अँडरसन या शास्त्रज्ञाने 2009 मध्ये मांडले. जाऊन येण्याचा हा प्रवास एकच कीटक करीत नाही, त्यात काही पिढ्या जातात.

मादी उडता उडता शेपटीचे टोक पाण्याला लावून अंडी घालते. बाहेर पडणारी पिल्ले खाचराच्या तळाशी राहतात. त्यांचा खालचा ओठ घडी घातलेल्या हातासारखा असतो. भक्ष्य टप्प्यात येताच तो झटकन पुढे फेकून पकडले जाते. डासांच्या अळ्या, पाण्यातील लहान कीटक, प्रसंगी बेडकाची पिल्लेही ती खातात. भाताच्या मुळांना किंवा पानांना त्यांच्यापासून काहीही इजा होत नाही. साधारण 38 ते 65 दिवसांत वाढ पूर्ण होते. मग रात्री पिल्लू भाताच्या चुडावर चढते, पाठ उकलते आणि पंखवाला चतुर बाहेर येतो. कात तेथेच चिकटून राहते. ही कात 'नवीन कीड' म्हणून आमच्याकडे घेऊन येणारे शेतकरी आहेत!

आता हिशेब करा. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात लावणी झाली, तर ही पिल्ले जवळजवळ ऑगस्टअखेरपर्यंत पाण्यात असतात. नेमक्या याच काळात 'खबरदारी म्हणून' दाणेदार कीटकनाशक फोकण्याची पद्धत अनेक गावांत आहे. फोरेट 2020 अखेरपासून बंद झाले, पण सवय गेली नाही. दाणे तळाशी बसतात आणि पिल्लेही तळाशीच असतात. जपानमध्ये 1990 च्या दशकापासून भातशेतीतील लाल चतुर झपाट्याने घटले. तेथील शास्त्रज्ञांनी याचा संबंध रोपांच्या ट्रेमध्ये वापरलेल्या फिप्रोनिलसारख्या कीटकनाशकांशी जोडला आहे.

चतुर एकटा कीड आटोक्यात आणील, असे आमचे म्हणणे नाही. खोडकिडीचा पतंग रात्री उडतो व अळी खोडात असते. तेथे चतुराचा उपयोग बेताचाच. चतुर हवेतले डास, चिलटे व उडते तुडतुडे टिपतो. चुडांमध्ये शिरून तुडतुडे वेचण्याचे काम मात्र त्याची लहान भावंडे, म्हणजे टाचण्या, अधिक चांगले करतात. दोघांचीही पिल्ले त्याच पाण्यात वाढतात, म्हणून पाणी विषारी केले तर दोघेही जातात.

तेव्हा लावणीनंतर पहिले 30-40 दिवस कीड न पाहता औषध टाकू नये. खोडकिडीसाठी हेक्टरी 5 कामगंध सापळे लावून पतंगांवर लक्ष ठेवावे. गाभामर 5 टक्क्यांवर गेल्यासच उपाय योजावा. तुडतुडे मोजताना चूड बुंध्यापाशी बाजूला करून पाहावे, वरून दिसत नाहीत.

युरिया देण्यासाठी पाणी काढावेच लागते. अशा वेळी खाचराच्या सखल कोपऱ्यात हातभर रुंद, वीतभर खोल चर ठेवावा, म्हणजे पिल्लांना पाणी उरते. मात्र शेततळ्यात मत्स्यबीज वाढवीत असाल तर गोष्ट उलटी आहे. तेथे हीच पिल्ले माशांची जिरे खातात. म्हणून तळे बीज सोडण्याच्या थोडेच दिवस आधी भरावे आणि बारीक जाळी फिरवून चतुराची पिल्ले काढून घ्यावीत. काढलेली पिल्ले फेकून न देता भाताच्या खाचरात सोडावीत.