देवीची लस : एक जुना धडा

गेल्या पावसाळ्यात पारोळ्याकडून एक आजी दीड वर्षाच्या नातवाला घेऊन दवाखान्यात आल्या. अंगावर गोवराचे पुरळ, धाप लागलेली, डोळे लाल. न्युमोनिया होता. लसीचे कार्ड मागितले, तर नववा महिना कोराच. "दादा, तेव्हा पोऱ्याला सर्दी होती. आणि गोवर काय, येतो नि जातो," आजी म्हणाल्या. त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर देवीचे खोल व्रण होते.

वाचकहो, देवी हा रोग आजच्या तरुण पिढीने पाहिलेलाच नाही. ही किमया कशी झाली, ते समजून घेऊ.

इंग्लंडमध्ये गवळणींना गाईंच्या सडांवरील फोडांपासून सौम्य रोग होई आणि मग त्यांना देवी येत नसत. हे ध्यानात घेऊन डॉ. एडवर्ड जेन्नर यांनी १४ मे १७९६ रोजी एका गवळणीच्या हातावरील फोडातील द्रव आठ वर्षांच्या जेम्स फिप्सला टोचला. पुढे त्याला देवीचा द्रव टोचूनही रोग झाला नाही. गाईला लॅटिनमध्ये 'व्हॅक्का' म्हणतात. त्यावरूनच 'व्हॅक्सिन' शब्द आला.

हिंदुस्थानात लस आणणे मात्र सोपे नव्हते. दोऱ्यावर सुकवलेला द्रव प्रवासातील उष्णतेने निकामी होई. मग एका मुलाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर, अशी साखळी करत लस बगदाद, बसरामार्गे मुंबईस पोचली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचली. देशातील ही पहिली यशस्वी लस. तिच्या दंडावरील द्रवातून पुढे इतर मुलांना, आणि मग पुणे, सुरत, मद्रासपर्यंत लस गेली.

जेन्नरना विषाणू ठाऊक नव्हता. आज कारण माहीत आहे. गाईच्या देवीचा विषाणू माणसाच्या देवीच्या विषाणूसारखाच असतो. सौम्य विषाणूशी ओळख झाली की शरीर प्रतिपिंडे तयार करते आणि खरा शत्रू आला की ती सज्ज असतात. भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

आपल्या खान्देशात श्रावणात शीतला सप्तमीला चूल थंड ठेवतात. श्रद्धा जरूर जपावी. पण देवीचा रोग गेला तो घरोघरी टोचलेल्या लसीमुळे, हेही मुलांना सांगावे.

गोवर मात्र गेलेला नाही. २०२२ मध्ये मुंबई व मालेगावात त्याची मोठी साथ आली होती. न्युमोनिया, जुलाब, मेंदूला सूज, प्रसंगी अंधत्व, असे त्याचे परिणाम होतात. म्हणून लक्षात ठेवा :

१) गोवर-रुबेला लसीचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. सरकारी केंद्रात लस मोफत मिळते.

२) साधी सर्दी वा किरकोळ ताप असला तरी लस टाळू नये.

३) लसीनंतर आठवड्याभराने थोडा ताप वा बारीक पुरळ येऊ शकते, ते आपोआप जाते.

४) डोस चुकला असेल तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. गोवर होऊन गेला तरी डोस पूर्ण करावा, कारण याच लसीत रुबेलाचेही संरक्षण आहे.

५) गोवरात धाप, सुस्ती, झटके किंवा दूध न पिणे दिसले, तर ताबडतोब दवाखाना गाठावा.

तो मुलगा आठ दिवस रुग्णालयात राहून बरा झाला. पण एक गोष्ट मला टोचत राहिली. तीन महिन्यांपूर्वी तोच मुलगा खोकल्यासाठी माझ्याकडे आला होता. मी औषध लिहून दिले, कार्ड मागितले नाही. आता कोणतेही मूल आले की आधी कार्ड पाहतो. आपणही आज घरातले कार्ड काढून एकदा बघाच.