पोलादाची परीक्षा

कुंभाराकडून मडके विकत घेताना जाणती गृहिणी ते बोटाने वाजवून पाहते. खणखणीत आवाज आला, तर मडके पक्के. बद्द आवाज आला, तर कोठे तरी तडा गेला आहे, हे ती ओळखते. डोळ्यांना न दिसणारा दोष कानांना कळतो. अणुभट्टीतील पोलादाचीही अशीच परीक्षा करावी लागते.

अमेरिकेत हडसन नदीच्या काठी, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस, इंडियन पॉइंट नावाचे अणुविद्युत् केंद्र होते. तेथील दुसऱ्या क्रमांकाच्या भट्टीत इंधनाभोवती पोलादी पत्रे उभारलेले होते. पाणी इंधनामधूनच वाहावे व त्याची उष्णता घेऊन जावे, यासाठी त्यांची योजना होती. हे पत्रे ८३२ बोल्टांनी जखडलेले होते. एकेक बोल्ट अंगठ्याएवढा. पण गंज न चढणाऱ्या उत्तम पोलादाचा.

असे पोलाद लोखंड, क्रोमियम व निकेल यांच्या मिश्रणातून बनते. त्यातील अणू कवायतीला उभ्या राहिलेल्या मुलांप्रमाणे ओळीने असतात. भट्टीत अणूंचे भंजन होताना न्यूट्रॉन नावाचे सूक्ष्म कण वेगाने बाहेर पडतात आणि पोलादाच्या अणूंवर आदळतात. त्यामुळे अणू जागचे हलतात. बहुतेक पुन्हा ओळीत येतात. काही मात्र भलत्याच ठिकाणी अडकून बसतात. न्यूट्रॉनांच्या माऱ्याने असे घडेल, हे यूजीन विग्नर या शास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच ओळखले होते.

वर्षानुवर्षे हा मारा सोसून पोलाद अधिक कठीण होते, परंतु त्याचा चिवटपणा जातो. शिवाय पोलाद ज्या बारीक स्फटिककणांचे बनलेले असते, त्यांच्या सांध्यांतील क्रोमियम कमी होते. आणि क्रोमियम हेच तर गंजाविरुद्धचे चिलखत! मग तापलेले पाणी आणि आवळलेल्या बोल्टावरील ताण यांचे फावते. सांध्यासांध्यांतून तडा हळूहळू पुढे सरकतो. एखादा बोल्ट तुटल्याने फारसे बिघडत नाही. पण एकाच ठिकाणचे पुष्कळ बोल्ट तुटले, तर पत्रा सैल होऊन पाणी आडवाटेने जाईल आणि इंधन पुरेसे थंड होणार नाही.

१९८८ साली फ्रान्समधील एका अणुभट्टीत असे तडे गेलेले बोल्ट सापडले, तेव्हा इतर देशही सावध झाले. २०१६ साली इंडियन पॉइंटची ती भट्टी इंधन बदलण्यासाठी बंद होती. त्या वेळी तपासनिसांनी पाण्याखाली यंत्रे सोडून बोल्टांची तपासणी केली. माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी बोल्टात सोडायच्या आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपायचा, अशी ही रीत. वाटेत तडा असला, तर लहर तेथूनच माघारी फिरते. ८३२ पैकी २२७ बोल्ट भरवशाचे राहिले नाहीत, असे आढळले. ते काढून नवे बसविल्यावरच भट्टी पुन्हा सुरू झाली. पुढे २०२० साली ती कायमची बंद करण्यात आली.

एवढ्या बलाढ्य भट्टीचा भरवसा अंगठ्याएवढ्या बोल्टावर असतो, आणि बोल्टाचा भरवसा तो वेळीच पारखून पाहणाऱ्या माणसावर!