भाजी घशाखाली उतरत नाही, तेव्हा…

पेणहून आठवड्यातून एक दिवस मी रुग्ण तपासण्यासाठी रोह्याला जातो. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तेथे पाचवा महिना असलेली एक बाई सासूबरोबर आली. चालताना धाप लागे, पायांत गोळे येत, पापण्या आतून पांढुरक्या पडलेल्या. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८ ग्रॅम. गरोदरपणी ते ११ च्या खाली जाऊ नये. मी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या आणि खाली नेहमीची ओळ लिहिली, ‘हिरव्या पालेभाज्या भरपूर खाणे.’

महिन्याने ती पुन्हा आली. गोळ्या घेतल्या होत्या, आकडाही थोडा वर सरकला होता. “आणि भाजी?” मी विचारले. तिने मान खाली घातली. सासूच म्हणाली, “तुम्ही लिहून देता डॉक्टर, पण पाला तिच्या घशाखाली उतरत नाय. टाकळा केला की पोरगासुद्धा ताट सरकवतो.”

मी वरमलो. लहानपणी घरी कारले असले की पोट दुखण्याचे निमित्त करून पानावरून उठणाऱ्यांपैकी मीही एक. तरी इतकी वर्षे रुग्णांना ‘खा’ एवढेच सांगत आलो. कसे खावे, हे कधी सांगितले नाही. आजचा लेख त्यासाठीच.

भाजी कशासाठी?

आपला मुख्य आहार भात. पॉलिश केलेल्या तांदळात पोट भरण्यापुरते पिष्ट असते, पण चोथा, क्षार व जीवनसत्त्वे थोडीच. ती उणीव भाजीने भरून निघते. पालेभाज्यांतून लोह, फोलेट, ‘क’ जीवनसत्त्व आणि शरीरात ‘अ’ जीवनसत्त्व होणारे कॅरोटीन मिळते. गर्भाच्या मेंदूची व मज्जारज्जूची घडण नीट होण्यासाठी फोलेट अत्यावश्यक आहे. चोथ्याने मलावरोध टळतो, साखर रक्तात सावकाश उतरते आणि कोलेस्टेरॉलला थोडा आळा बसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसाला भाज्या व फळे मिळून किमान ४०० ग्रॅम खावीत. बटाटा यात धरत नाहीत.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. तेव्हा हा एकट्या रोह्याच्या सुनेचा प्रश्न नव्हे.

जीभ नको का म्हणते?

कडू चव नकोशी वाटणे हा निसर्गाचा पहारा आहे. अनेक विषारी वनस्पती कडू असतात, म्हणून मूल कडू घास थुंकते. त्यात हट्ट कमी आणि स्वभावधर्म जास्त. शिवाय सर्वांची जीभ सारखी नसते. १९३१ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ आर्थर फॉक्स यांना आढळले की, एकच पदार्थ काहींना अतिशय कडू लागतो, तर काहींना बेचव. हा फरक आनुवंशिक असतो. कोबी व मुळा एकाला गोडसर आणि दुसऱ्याला उग्र लागतो, त्यालाही काही अंशी हेच कारण.

पण सवयीने जीभ बदलते. नवी भाजी मुलाला एकदा देऊन सोडू नये. आठ-दहा वेळा, एकेक घास, रागावल्याशिवाय द्यावा. स्वतः ताटात घेऊन आवडीने खावी. मारून भरवलेली भाजी मूल जन्मभर विसरत नाही.

उपाय घरातच आहेत

पेण-रोह्याच्या बाजारात पहिल्या पावसाबरोबर ठाकूर व कातकरी बाया टाकळा, कुर्डू, शेवळं, भारंगी, कंटोली घेऊन बसतात. या भाज्या रांधण्याच्या जुन्या रीती म्हणजे चवीवरचे औषधच. शेवळं व अळू घशाला खाजतात, कारण त्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. म्हणून शेवळात काकडं आणि अळूत चिंच घालतात व भाजी पूर्ण शिजवतात. टाकळ्याची कोवळी पानेच घ्यावीत. त्यात भिजवलेले वाल किंवा हरभऱ्याची डाळ, लसूण आणि ओले खोबरे घातले की उग्रपणा झाकला जातो. डाळीने प्रथिने मिळतात, खोबऱ्या-तेलाने कॅरोटीन अंगी लागते. खाणाऱ्यांनी मूठभर सुका जवळा टाकावा.

वरून लिंबू पिळावे. ‘क’ जीवनसत्त्वामुळे पाल्यातील लोह जास्त शोषले जाते. चहाने उलटे होते. म्हणून जेवणानंतर तासभर चहा नको. पालेभाजी आधी धुवावी, मग चिरावी. खाजरी नसलेली भाजी उकडून पाणी फेकू नये, त्याबरोबर सत्त्वही जाते. हिवाळ्यात वालाच्या शेंगा व पोपटी आहेच. ती नको म्हणणारे मूल मी अजून पाहिलेले नाही.

हेही लक्षात ठेवा

नेहमी गोड लागणारा दुधी किंवा काकडी कडू निघाली तर मुळीच खाऊ नये, रसही घेऊ नये. तेथे जिभेचा इशारा खरा असतो. अनोळखी रानभाजी जाणकाराकडूनच घ्यावी. मूत्रपिंडाचे रुग्ण, मुतखडा असलेले आणि रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेणारे यांनी पालेभाजीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे. आणि रक्त फार कमी असेल तर भाजीवर विसंबून गोळ्या सोडू नयेत.

त्या दिवशी मी सासूबाईंना आणखी एक विचारले, “मावशी, घरात शेवटी कोण जेवतं?” त्या सुनेकडे पाहून गप्प राहिल्या. पुरुष व मुले जेवून उठेपर्यंत पातेल्यात रस्साच उरत असे. आवड निर्माण व्हायची तर आधी वाट्याला भाजी तरी यायला हवी! पुढच्या खेपेस मावशी स्वतःहून म्हणाल्या, “आता तिची वाटी आधी काढून ठेवते. वाल घातलेला टाकळा खाते ती.” नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन साडेदहा झाले. त्यात मोठा वाटा गोळ्यांचा, हे मी जाणतो. पण गोळ्या कधीतरी थांबतील, वाटी मात्र चालू राहावी.

आता मी चिठ्ठीवर ती जुनी ओळ लिहीत नाही. ‘रोज एक वाटी भाजी, डाळ घालून, वर लिंबू, सुनेची वाटी आधी काढणे,’ असे लिहितो. वाचकांनीही आज रात्रीपासून हे करून पाहावे.